पाणी तोडल्यावरचा वसंत

पारसिकच्या डोंगररांगेवर ऑक्टोबरनंतर कोणी तांब्याभरही पाणी घालत नाही. चार महिने धो धो पाऊस झेललेला हा उतार दिवाळीनंतर वाळू लागतो, मार्गशीर्षात गवत पिवळं पडतं, पौषात काटेसावरीची पानं गळून जातात. आणि माघ उजाडला की त्याच निष्पर्ण फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं दिसू लागतात. मागोमाग पांगारा येतो, आणि पनवेलच्या पुढे कर्नाळ्याच्या अंगाला पळस. याच दिवसांत डोंगराच्या पायथ्याशी, बेलापूर, नेरूळ, खारघरच्या इमारतींमध्ये, बाल्कनीतल्या कुंड्यांना रोज सकाळी न चुकता पाणी मिळत असतं. तिथला मोगरा हिरवागार असतो, बोगनवेल लांब लांब शेंडे सोडत असते, चाफ्याची पानं तुकतुकीत असतात, आणि फूल मात्र एक नसतं. पाण्यावाचून राहिलेला डोंगर फुलतो आणि पाणी मिळालेली कुंडी फुलत नाही, हा विरोधाभास शहरातल्या प्रत्येक हौशी बागकाम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दरवर्षी घडतो. त्याचं कारण झाडाच्या स्वभावात आहे. आपल्या किनाऱ्यावर वसंताची पहिली फुलं कोरड सोसल्यावर येतात. घरच्या बागेला ती हवी असतील तर थंडीच्या शेवटी काही दिवस हात आखडता घ्यावा लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते मान्य करायला काही आडव्या येणाऱ्या समजुती आधी बाजूला कराव्या लागतात.

पहिली समजूत कॅलेंडरची. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. गुढीपाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, तोवर नवी मुंबईत घामाच्या धारा लागलेल्या असतात. पण वसंत पंचमी आपण माघात साजरी करतो, म्हणजे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथे होळीच्या दुसऱ्या दिवशी चैत्र लागतो आणि पंचमीनंतर चाळीस दिवसांत वसंत दारात येतो. आपल्या अमावास्येला संपणाऱ्या महिन्यांत तो आणखी पंधरा दिवस लांबतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सूर्याच्या प्रत्यक्ष गतीवरून जी दिनदर्शिका सुचवली आणि जी २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारली, तिच्यात वसंत सौर फाल्गुन-चैत्राचा आहे, म्हणजे २० फेब्रुवारीपासूनचा. झाडांचा कौल या तिसऱ्या हिशेबाच्या सर्वांत जवळ जातो. सरस्वतीच्या शुभ्रतेसाठी ज्याचा दाखला देतात तो कुंद पंचमीच्या सुमारास भरात असतो, शेवगा पांढऱ्या तुऱ्यांनी लदलेला असतो, आंब्याला मोहर असतो. घरच्या बागेचा वसंत पाडव्याला सुरू होतो असं धरून बसलं, तर तयारीची वेळ दोन महिने आधीच निघून गेलेली असते.

दुसरी समजूत नर्सरीने घडवली आहे. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांमध्ये पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, पॅन्सी यांची काळ्या पिशव्यांतली रोपं फुललेलीच विकायला येतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरणारं पुष्पप्रदर्शन आणि मुंबईत राणीच्या बागेत महापालिका भरवते ते, दोन्ही याच फुलांच्या ऐन बहरात असतात. ती सुंदर असतात यात शंका नाही. पण ती थंडीची हंगामी फुलं आहेत. पिटुनियाचं मूळ दक्षिण अमेरिकेत, बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं, रोप दोन-अडीच महिन्यांत फुलायचं, आणि पारा पस्तिशीला पोचला की वाळून जायचं. आपला वसंत लागतो तेव्हा त्यांचा खेळ संपलेला असतो. शिवाय त्यांना रोज पाणी लागतं, आणि इथेच खरी गफलत होते: एकाच झारीने पिटुनियाला आणि शेजारच्या मोगऱ्याला सारखंच पाणी जातं. एकाचं जगणं त्यावर असतं. दुसऱ्याचा बहर त्यात बुडतो.

महाराष्ट्रातल्या फळबागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. त्याच्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत, ताण आणि बहार. मृग, हस्त आणि आंबे (किंवा आंबिया) हे तीन बहार. यातला कोणता धरायचा ते पाणी आणि बाजार पाहून ठरवायचं, आणि त्यानुसार आधी बागेचं पाणी तोडायचं. विदर्भातल्या संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलावा म्हणून डिसेंबरात ताण देतात. हलक्या जमिनीत दोन-तीन आठवडे पुरतात, भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिना लागतो. पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली की ताण बसला असं समजायचं. मग ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, त्याला आंबवणी म्हणतात. आठवड्याने दुसरं, चिंबवणी. त्यानंतर झाड पानाबरोबर फूल काढतं. यामागचं जुनं स्पष्टीकरण सोपं आहे. पाणी मिळत राहिलं की झाड वाढत राहतं आणि पानांनी बनवलेलं अन्न नव्या शेंड्यांवर खर्च करतं; वाढ थांबली की ते फांद्यांत साठतं आणि डोळे फुलाकडे वळतात. नव्या संशोधनाने त्यात संप्रेरकांचा हिशेब घातला आहे, पण बागायतदाराचं निरीक्षण त्यामुळे खोटं ठरलेलं नाही. कॉफीवर ब्राझीलच्या पाउलो आल्विम यांनी १९६० साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं ते याच जातीचं होतं: कॉफीच्या कळ्या तयार होऊनही निजून राहतात, आधी कोरड सोसल्याखेरीज त्या पाण्यानेही उघडत नाहीत. कोडगूच्या मळ्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर पडणाऱ्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत डोंगरउतार एकाएकी पांढरे होतात ते यामुळे. नुसती सर पुरत नाही, तिच्याआधीचे कोरडे महिनेही लागतात.

यावर जाणकार विचारेल की फुलण्याचं श्रेय कोरडीला कशाला द्यायचं, थंडी आणि लहान दिवस यांचं काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याच्या उत्तरातच नवी मुंबईची गोष्ट दडलेली आहे. लिंबूवर्गीय झाडांचा अभ्यास सांगतो की भूमध्य समुद्राकाठी किंवा फ्लोरिडात थंडीमुळे त्यांची वाढ थांबते आणि मग ती फुलतात. उष्ण कटिबंधात जिथे तेवढी थंडी पडत नाही, तिथे तेच काम पाण्याचा ताण करतो. म्हणजे झाडाला विश्रांती हवी असते, ती कोणत्या मार्गाने मिळते हे जागेवर अवलंबून आहे. नाशिकला किंवा पुण्याला जानेवारीतल्या रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात, तिथल्या कुंडीला माळ्याने रोज पाणी घातलं तरी थंडी तिला थोडंफार थोपवून धरते. नवी मुंबईला एका बाजूला ठाण्याची खाडी, पलीकडे समुद्र. इथली थंडीची रात्रही बहुधा पंधरा-सतरा अंशांवरच थांबते. झाड मुळी थांबतच नाही. मग इथे थंडीचं काम कोरडीने करायचं असतं, आणि डोंगरावर ते निसर्ग करतो. बाल्कनीत ते कोणी करत नाही, कारण तिथे पावसाळा बारा महिने चालू असतो.

आंब्याने याचा पुरावा कोकणभर मांडून ठेवला आहे. पाऊस लांबला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीत ओल राहिली, की हापूसला मोहराऐवजी पालवी फुटते आणि पूर्ण हंगाम मागे पडतो. तुर्भ्याच्या बाजारसमितीत पेट्या उशिरा येतात तेव्हा कारण पुष्कळदा काही महिन्यांपूर्वीच्या त्या ओलीत सापडतं. कोकणातले बागायतदार पावसाळ्यात बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल घालतात, ज्याला सगळे कल्टार म्हणून ओळखतात, त्याचं कामही झाडाची पालवी-वाढ रोखण्याचंच आहे. रसायन वापरावं की नाही हा वेगळा वाद. पण वाढ रोखल्यावर मोहर येतो, हे तत्त्व त्या वादाच्या दोन्ही बाजूंना मान्य आहे.

घरच्या बागेत या तत्त्वाची खरी कसोटी मोगऱ्यावर लागते, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. मोगरा जुन्या काडीवर फुलत नाही. नव्या फुटीच्या टोकाशी कळ्या धरतो, बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात, आणि त्यातली मधली आधी उमलते. नवी फूट जोमदार हवी असेल तर जुनी काडी छाटावी लागते, आणि छाटणी साधायची असेल तर त्याआधी झाड स्वस्थ बसलेलं असावं लागतं. तमिळनाडूत, जिथल्या मदुराई मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शेतकरी नोव्हेंबरअखेरीला मोगरा छाटतात आणि मार्चपासून तोडणी सुरू करतात. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगराळ भागात अलीकडच्या वर्षांत मोगऱ्याचे मळे वाढले आहेत, आणि दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्या त्या कळ्यांचं गणितही पाणी कधी तोडलं आणि छाटणी कधी केली यावरच बसतं. कुंडीत हेच लहान मापाने करता येतं. पौष संपताना, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, आठ-दहा दिवस पाणी तोडायचं. पानांचा तजेला जाऊन ती किंचित लवली की पुरे. मग काड्या साधारण एक-तृतीयांश उंचीवर छाटायच्या, उरलेली पानं हाताने खुडायची, वरची दोन बोटं माती उकरून दोन दिवस उन्हात उघडी ठेवायची. त्यानंतर कुजलेलं शेणखत, वरून हलकी आंबवणी, आणि फूट दिसू लागल्यावर नेहमीचं पाणी. महिना-दीड महिन्यात, फाल्गुन लागता लागता, टोकांना टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या कळ्या दिसतात. संध्याकाळी उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गळतं. पण झुबका संपला की शेंडा खुडावा, म्हणजे खालच्या डोळ्यांतून पुन्हा फूट येते आणि जूनपर्यंत एकामागून एक बहर मिळत राहतात. पहिला बहर चुकला तर मात्र पुढचं सगळं घसरतं. एप्रिलमध्ये छाटलेला मोगरा फुलायला लागतो तोवर पाऊस येऊन टेकतो, आणि भिजलेल्या कळ्या तपकिरी होऊन जातात.

बोगनवेल याहून सोशीक. तिचे ज्यांना आपण फूल म्हणतो ते रंगीत कागदी भाग खरं तर पानंच आहेत. फूल म्हणजे त्यांच्या मधली पांढरी नळी. सायन-पनवेल महामार्गाच्या दुभाजकावर, टँकरचं पाणी कधीमधी मिळत असताना, ती रंगाने पेटते आणि गच्चीवरच्या पोसलेल्या कुंडीत पानांत हरवते, हे कोणीही पडताळून पाहावं. चाफा आणि अडेनियम खोडातच पाणी साठवतात. थंडीत पानं गाळली की ती मेली असं समजून लोक उलट जास्त पाणी घालतात आणि खोड कुजवतात. त्या दोघांना डिसेंबर-जानेवारीत विसरलेलंच बरं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. शेत वेगळं, कुंडी वेगळी. शेतात मुळं चार हात खाली जाऊन ओल शोधतात. बारा इंची कुंडीत तेवढीच माती, खाली तापलेली फरशी, कडेला प्लास्टिक. तिथे ताण देणं म्हणजे झाड मारणं. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. कुंडीतला ताण आठवड्यांत मोजायचा नसतो, दिवसांत मोजायचा असतो. पानांकडे रोज पाहायचं असतं. आजकाल नर्सरीतल्या मिश्रणात कोकोपीट बरंच असतं आणि ते पार वाळलं की कडेने सुटतं, मग घातलेलं पाणी मधल्या मुळांना न शिवता सरळ खालून निघून जातं. असं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात बसवून भिजवावी. आणि ताण सरसकट सगळ्यांना नाही. तुळस, जास्वंद, गुलाब, नेचे, नुकती लावलेली रोपं यांना तो सोसत नाही आणि त्याचा त्यांना उपयोगही नाही. पण एवढ्या अटी मान्य केल्यावरही कुंडीत ताण शक्यच नाही असं म्हणता येत नाही; उलट कुंडीत तो शेतापेक्षा लवकर बसतो आणि एका तांब्याने तोडताही येतो. जमिनीतल्या बागेत खरी अडचण असते. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरं एका चौकाभोवती आहेत, प्रत्येकाला ४५ ते ७५ चौरस मीटरांचा स्वतःचा भूखंड. बहुतेकांना फक्त कुंडी मिळणाऱ्या या शहरात अशी अंगणं दुर्मिळ आहेत. तिथल्या चाफ्याची मुळं शेजारच्या नळाखालचीही ओल घेतात; आपण पाणी तोडलं तरी ते तुटेलच असं नाही. बाल्कनीवाल्याकडे निदान ही मोकळीक आहे.

पाण्याचा मुद्दा आणखी एका अंगाने पाहायला हवा. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यातलं मोरबे हे स्वतःच्या मालकीचं धरण आहे, आणि त्यामुळे या शहराला पाण्याची सुबत्ता अंगवळणी पडली आहे. सोसायट्यांच्या आवारात कंत्राटी माळी रोज सकाळी नळी सोडून हिरवळीपासून चाफ्यापर्यंत सगळं एकदम भिजवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाग हिरवी दिसली पाहिजे एवढंच त्याला सांगितलेलं असतं. फुलली पाहिजे असं सांगितलं असतं तर त्याने, विशेषतः तो शेतकरी घरातला असेल तर, पाणी आपणहून तोडलं असतं.

ताण देऊनही फूल आलं नाही तर? इथे मला माझ्याच मुद्द्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर मोगऱ्याला कोणताही ताण फुलवणार नाही, आणि उंच इमारतींच्या दाटीत ते ऊन प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण उन्हाचंही एक वेळापत्रक आहे, आणि ते आपल्या बाजूचं आहे. नवी मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, डोक्यावर नऊ फुटांवर वरच्या मजल्याचा स्लॅब असलेल्या बाल्कनीत ऊन आठ फूट आत येतं. मार्चच्या विषुवदिनाला सूर्य ७१ अंशांवर चढतो आणि तेच ऊन तीन फुटांवर येतं. मेच्या मध्यास तो अगदी माथ्यावर, मग त्या बाल्कनीत दुपारचं ऊन जवळजवळ येतच नाही. अर्थ असा की दक्षिणेच्या बाल्कनीत उन्हाचा सुकाळ थंडीत असतो आणि तो मार्चअखेर ओसरतो. तिथे छाटणी फेब्रुवारीवर ढकलली तर कळ्या धरण्याच्या नेमक्या दिवसांत ऊन पाठ फिरवतं. पूर्व-पश्चिमेच्या बाल्कन्यांना उन्हाळाभर तिरपं ऊन मिळतं, त्यांना थोडा उशीर चालतो. उत्तरेच्या बाल्कनीने थंडीच्या महिन्यांत मोगऱ्याचा हट्ट धरू नये.

नर्सरीतून आणलेली कुंडी काहीही न करता फुलते, त्याचं काय, असंही विचारलं जातं. ती फुलते कारण तिची छाटणी आणि ताण दुसऱ्या कोणीतरी, मोकळ्या उन्हात, आधीच केलेलं असतं. आपण त्याचं फळ विकत घेतो. दुसऱ्या वर्षी ती कुंडी काय करते त्यावर घरच्या बागेची परीक्षा होते. तिथे ताणाऐवजी खतावर भिस्त ठेवूनही चालत नाही, नुसत्या नत्रयुक्त खताने पानंच वाढतात.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे, आणि त्यावर उत्तर देणं सर्वांत अवघड. उन्हाळा आता लवकर येतो आहे. फेब्रुवारी २०२३ हा देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. थंडीच्या शेवटच्या आठवड्यांतच कुंड्या तापत असतील, तर पौष संपताना ताण देणं धोक्याचं होतं. मला वाटतं, याने ताणाची गरज नाहीशी होत नाही, तारीख मागे येते: पाणी जानेवारीच्या मध्याऐवजी डिसेंबरअखेरीला तोडायचं, म्हणजे फूट गारव्यातच निघेल. पण नेमकं किती मागे यायचं हे कोणतंही पुस्तक सांगू शकत नाही, कारण वाशीची खाडीकडची बाल्कनी आणि खारघरची डोंगराकडची बाल्कनी यांतही फरक पडतो. ते नोंदींवरूनच कळेल. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा इसवी सन ८१२ पासून सापडतात; त्या बऱ्याचशा दरबारी माणसांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशींतून वेचलेल्या आहेत, सहल कधी निघाली, फुलं कधी पाहिली एवढंच त्यांनी लिहिलं होतं. त्या नोंदी होत्या म्हणूनच २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, हे ठामपणे सांगता आलं. भारतात २०१० पासून सीझनवॉच हा उपक्रम सामान्य नागरिकांकडून आणि शाळांकडून झाडांच्या अशा नोंदी गोळा करतो आहे. मोगऱ्याच्या कुंडीसाठी याहून कमी खटाटोप पुरतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत असतं, त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरच्या तारखा लिहिलेल्या असतात. त्यांच्याच शेजारी पाणी कधी तोडलं, छाटणी कधी केली आणि पहिली कळी कधी दिसली, या तीन तारखा पेन्सिलीने लिहिण्याइतकी जागा उरते. डिसेंबरअखेरीला जुनं कॅलेंडर उतरवताना त्या तेवढ्या नव्यावर उतरवून घ्याव्यात.